मायवर मी काढलेलं पत्रक

एकोणीसशे छप्पन्न साली, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, दोंडाईच्याच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात माझ्या आईवर अन्याय झाला. तो सरकारनं केला नाही, मामलेदारानंही केला नाही. मी केला. गुलाबी कागदावर छापला आणि माझ्या हातांनी वाटला.

एवढं लिहायला मला चार वर्षं लागली. मी पत्रकं लिहिणारी बाई. दुसऱ्यानं केलेला अन्याय मला उभ्याउभ्या लिहिता येतो, चहा निवायच्या आत.

आमचं गाव दोंडाईच्यापासून दोन कोसांवर. वावरात कापूस. मी बारा वर्षांची असताना, सत्तेचाळीस साली, मला शिकायला धुळ्याला मामाकडे ठेवलं. त्यानंतर गावी जायचं ते दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माझी धाकटी बहीण अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात जन्मली तेव्हा मी धुळ्यात भूगोल पाठ करत होते.

बहीण दिसायला आमच्या सगळ्यांत देखणी. वेळेवर बसली, वेळेवर चालली. पण हाक मारली तर वळायची नाही. आम्हाला वाटलं बहिरी असेल. पण तीन घरांपलीकडे कोणी शेंगा फोडल्या तर ही उठून जायची. कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही. सरकीचे दाणे ओट्यावर एका रेषेत लावायची, दुपारभर, आणि एक दाणा कोणी हलवला तर डोकं भिंतीवर आपटायची. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की दोन्ही कानांत बोटं. पाच वर्षांची झाल्यावर बोलू लागली, तेही दुसऱ्यांचंच बोलणं. भूक लागली की म्हणायची, "भूक लागनी का तुले?" कारण माय तिला तसं विचारायची. गावातली पोरं हसायची. मीही एकदा हसले आहे.

माय माझी चार वर्गही शिकलेली नाही. पण गावात कोणाकडे बाळंतपण झालं की पहिल्या अंघोळीला तिला बोलावणं यायचं. लांब पाय सोडून बसायची, बाळाला नडगीवर पालथं घालायची आणि तिच्या हाताखाली रडणारं पोर दोन तांब्यांत गप व्हायचं. आमच्या गल्लीतल्या बहुतेक सगळ्यांचा पहिला तांब्या तिच्या हातचा. म्हातारे लोकही तिला अक्का म्हणायचे ते त्यामुळं.

धुळ्यात मी एका मंडळात गेले. पाच-सात जण होतो. ज्यांच्या हाताखाली आम्ही पत्रकं लिहायला शिकलो त्यांना सगळे नाना म्हणत. बेचाळीसला तुरुंगात गेलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्या वर्षी आम्ही अफूचा विषय घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर कापूस वेचतात. तान्हं पोर बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलेलं असतं. ते रडलं तर वेचणी थांबते आणि मुकादम ओरडतो. म्हणून मोहरीएवढी अफू दुधात उगाळून पोराला चाटवतात. पोर संध्याकाळपर्यंत झोपतं. काही पोरं उठतच नाहीत. ही गोष्ट खरी आहे आणि तिच्याबद्दलचं माझं म्हणणं आजही तेच आहे.

मी पहिला मसुदा लिहिला तो नानांनी वाचला आणि परत केला.

"हे काय लिहिलंस? जिल्हा बोर्डाचा ठराव वाटतोय."

"खरं तेच लिहिलंय, नाना."

"खरं आहे ग. पण बाजारात बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी असते. ती ठराव ऐकत नाही. तिला एक पोर दाखव. एकच. तुझ्या ओळखीचं."

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला बरं वाटेल, पण केला नाही. तिथंच, त्यांच्या समोरच्या बाकावर बसून अर्ध्या तासात लिहिलं. मला आठवत होतं: बाभूळ, हिरव्या लुगड्याची झोळी, माय वाकलेली, तिच्या करंगळीवर दुधाचा थेंब आणि त्यात काळा ठिपका. मी नऊ-दहा वर्षांची असेन. ते चित्र मला इतकं स्वच्छ दिसत होतं की झोळीत कोण आहे हे मी पाहिलंच नाही. बहीण आहे असं धरून चालले.

पत्रकात मी लिहिलं: "माझी बहीण आठ वर्षांची आहे. तिला आईचा चेहरा ओळखता येत नाही. तिची बुद्धी कोणी खाल्ली? झोळीत असताना जिनं तिला अफू चाटवली तिनं खाल्ली. ती तिची जन्मदात्री आहे." वर मथळा मोठ्या ठशात: आई की वैरीण? खाली माझं नाव आणि गावाचंही नाव. नाना म्हणाले, नाव घालायला छाती लागते. मी घातलं.

मायला विचारलं नाही. दोन कोसांवर होती. दिवाळीला जाऊन तिच्या हातची पुरणपोळी खाऊन आले होते, आणि विचारलं नाही.

बाजारात पत्रक चांगलं चाललं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना जिनिंगमधल्या एका कारकुनानं ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. चांगला आवाज होता त्याचा. एक बाई रडली. एकीनं कमरेची अफूची पुडी सगळ्यांसमोर गटारात टाकली. परत जाताना नाना खूश होते. मला म्हणाले, "तुझी बहीण आज पन्नास पोरं वाचवून गेली." मलाही तसंच वाटलं. तेव्हा मला सगळं लवकर वाटायचं.

गावात पत्रक माझ्या आधी पोचलं. संक्रांतीला मी घरी गेले तर पलीकडच्या घरी बाळंतपण झालेलं आणि माय अंगणात ज्वारी पाखडत बसलेली.

"माय, तू गेली नाहीस अंघोळीला?"

"बोलावं नही त्यास्नी," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं नाही.

दुपारी ती बाळ बघायला म्हणून नुसती गेली. मी मागोमाग होते. बाळंतिणीच्या सासूनं पदर ओढून बाळ झाकलं.

"ऱ्हाऊ द्या अक्का. पोर झोपेल शे."

पोराचे डोळे टक्क उघडे होते. माय म्हणाली, "हाव, झोपू दे," आणि परत फिरली. मागून कोणीतरी, फार हळू नाही, म्हणालं, "बठ्ठा गावले माहीत शे. तिन्ही शिकेल पोरनीच सांगं."

ती शिकलेली पोर मीच. मी वाद घातला असता. सवय होती. पण वाद कोणाशी घालणार? ती बाई माझंच पत्रक बोलत होती, काना-मात्रेसह.

त्या दिवशी जेवताना पाहिलं, मायनं आपल्या वरणात मीठ घेतलं नाही. भाकरीतही नव्हतं. तिची भाकरी वेगळी थापलेली. मी विचारलं तर म्हणाली, "असंच." माझ्या धाकट्या भावानं सांगितलं. बाजाराच्या त्या आठवड्यापासून ती अळणी खातेय. कोणतं व्रत, किती दिवसांचं, ते सांगत नाही. आबांनी, आमच्या वडिलांनी, एकदा रागानं तिच्या ताटात मीठ टाकलं तर ती न जेवता उठली.

मला कळलं की ती प्रायश्चित्त घेतेय. पण तेव्हा मी मनात काय म्हटलं ते लिहायलाच हवं. मी म्हटलं, निदान तिला पटलं तरी. मला समाधान वाटलं. इतकी मी हलकट होते.

अळणी खाणं तीन वर्षं झाली तरी थांबलं नाही. तिचे गाल बसले. चालताना दम लागायला लागला. बाळंतपणाचं बोलावणं एकही आलं नाही. माझी बहीण अकरा वर्षांची झाली आणि तिच्या वागण्यात अफूनं बिघडलेलं असं मला काही सापडेना. अफू खाल्लेली पोरं मी तोपर्यंत खूप पाहिली होती. ती रोडावलेली, पोट फुगलेली, गुंगलेली असत. ही सगळ्यांत जागी. बाजारातल्या प्रत्येक दुकानाची पाटी कुठं खिळ्यानं लावलीय आणि कुठं तारेनं, ते तिला माहीत. पत्रकात लिहिलं होतं की तिला आईचा चेहरा ओळखता येत नाही. चेहऱ्याकडे ती बघत नसे, पण माय वावरातून येत असली की ती वेशीतल्या पावलावरूनच ओळखून उंबऱ्यात येऊन उभी राही. मायच्याच पावलाला. माझ्या नाही.

एकोणसाठ साली जळगावात लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आल्याचं कळलं. मुंबईत शिकलेल्या. मी दोघींना घेऊन निघाले. दोंडाईच्याला भुसावळकडची पॅसेंजर धरली. माय खिडकीशी ताठ बसलेली. तिनं दोनदा विचारलं, "माले कोठे ली चालनी?" मी सांगितलं, तुला नाही, हिला. तिला ते खरं वाटलं नाही. डॉक्टरपुढं आपला खटला उभा राहणार असं तिच्या मनात होतं.

अमळनेरच्या अलीकडे तिकीटतपासनीस येऊन गेला. तो गेल्यावर बहिणीनं त्याचाच आवाज काढला, नाकातला, ओढलेला: "तिकीट. तिकीट बघू. चला, तिकीट." थांबेना. समोरच्या फेटेवाल्या बाबांनी दुसऱ्यांदा तिकीट काढून तिच्यापुढं धरलं. ती बघेना, म्हणून त्यांनी माझ्यापुढं धरलं. मग डबाभर हसू पिकलं. एक बाई म्हणाली, "हिले रेल्वेमा नोकरी लागी जाई." मायही हसली. किती दिवसांनी हसली ते मी मोजलं नाही, पण तिला दात आहेत हे मी विसरले होते.

डॉक्टरीणबाईंनी बहिणीला टेबलावर चढवलं नाही. स्वतः सतरंजीवर बसल्या आणि स्टीलच्या डबीचं झाकण तिच्याजवळ सरकवलं. ती ते गरगर फिरवत बसली. बाई बराच वेळ तेच बघत होत्या. मग मायला विचारत गेल्या. हसायला कधी लागली, बोट दाखवायची का, कडेवर घेतल्यावर अंग कसं ठेवायची. मायला सगळं आठवत होतं. तिनं सांगितलं की ही दोन महिन्यांची होती तेव्हाही पाजताना हिची नजर कुडाच्या फटीतल्या उन्हाकडे असायची. पहिल्या दिवसापासून ती अशीच.

मीच मधे बोलले. "डॉक्टर, हिला तान्हेपणी अफू दिलेली आहे."

बाईंनी मायकडे पाहिलं. "किती दिवस दिली?"

माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हिले नही दिधी."

"माय, मी पाहिलंय."

"त्याले दिधी व्हती. तुन्हा भाऊले. हाई उनी त्या साले मन्हा पाय मोडेल व्हता. वावरमा गऊच नही मी. बठ्ठी वेचणी खाटवर व्हतू."

माझा भाऊ चव्वेचाळीसचा. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. झोळीत तो होता. तो आज आखाड्यात दोघांना एकदम उचलतो आणि गणितात पहिला येतो. अफूनं त्याचं काही झालं नाही हे त्याचं नशीब. पण बहीण झाली त्या वर्षी माय पाय मोडून खाटेवर होती; बहिणीला तर अफू मिळालीच नव्हती. आणि ती जन्मली तेव्हा मी गावात नव्हतेच. ती आठ वर्षांची असताना तिच्यावर पत्रक लिहिणारी मी, तिच्या तान्हेपणाची एकही गोष्ट पाहिलेली नव्हती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज चढला. वर मीच चिडले.

माय म्हणाली, "तू शिकेल शेस. आनि ते छापेल व्हतं. माले वाटनं, दिधी व्हई. मीच इसरनू व्हसू."

त्यावर बाईंनी मला बाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नाही काढलं. त्या सावकाश बोलल्या, मायकडे बघून, आणि मी जसं ऐकलं तसं लिहिते.

त्या म्हणाल्या, "हिला कोणी बिघडवलेलं नाही. मुलाच्या मेंदूची घडण पोटात असल्यापासून होत असते. काही मुलांची ती वेगळी होते. माणसाचा चेहरा, आवाज, बोलण्यातला अर्थ हे इतर मुलांना आपोआप उलगडतं. हिला नाही उलगडत. आणि भोंगा, दाणे, झाकण हे आपल्याला जाणवतं त्याच्या दहापट हिला जाणवतं. हिची वाढ थांबली नाहीये. चालू आहे, तिच्या क्रमानं. इंग्रजीत याला ऑटिझम म्हणायला लागलेत. शब्द नवा आहे, मुलं जुनीच आहेत."

मी औषध विचारलं. नाही म्हणाल्या.

"कशामुळं होतं?"

"मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही. बाहेरदेशी काही मोठी माणसं आईला दोष देतात. म्हणतात आईनं माया केली नाही म्हणून मूल असं मिटून गेलं." त्यांनी निसटलेलं झाकण बहिणीकडे परत सरकवलं. "मी तासभर तुमच्या आईला बघतेय. मला ते पटत नाही."

मला आठवतं, त्या क्षणी मी त्या बाहेरदेशच्या मोठ्या माणसांवर संतापले. आणि लगेच थंड पडले. त्यांनी निदान माझ्या मायला पाहिलं तरी नव्हतं.

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. दिवसाचा क्रम एकच ठेवा. काही बदलणार असेल तर आधी सांगा, थोड्या शब्दांत. तोंडाकडे बघ म्हणून हनुवटी धरू नका. ती जे दुसऱ्याचं वाक्य बोलते त्यातून तिला काय हवंय ते शोधा. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई तं मी करसच ना बाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो. दिसतंय ते."

परतीच्या गाडीत मी मायला सगळं पुन्हा सांगितलं. तुझी चूक नव्हती. अफूचा संबंध नाही. मी खोटं लिहिलं. ती ऐकत होती. घरी पोचल्यावर भाकरी थापली आणि आपली अळणी वेगळी थापली.

"माय, डॉक्टरनं सांगितलं ना?"

"सांगं," ती म्हणाली. "ते छापेल व्हतं. हाई कोठे छापेल शे?"

मी धुळ्याला गेले. नानांना म्हटलं, दुसरं पत्रक काढायचंय, आधीचं चुकीचं होतं म्हणून. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आईची समजूत घरात काढ. बाजारात कशाला?"

"बदनामी बाजारात केली, नाना."

"पोरी, उद्या लोक म्हणतील अफूचंही खोटंच होतं. बाया परत पुड्या बांधतील कमरेला. एका आईसाठी पन्नास पोरं घालवतेस?"

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, ती पन्नास पोरं खऱ्या गोष्टीवर वाचवता आली असती. झोळीत मेलेली पोरं होतीच की. त्यांच्या आयांकडे मला जावं लागलं असतं, विचारावं लागलं असतं, त्यांच्या ओट्यावर बसावं लागलं असतं. मी ते केलं नाही, बाकावर बसून अर्ध्या तासात आपल्याच मायला उचलली, कारण ती भांडायला येणार नव्हती.

नानांनी चष्मा परत लावला. मंडळाच्या नावानं पत्रक निघालं नाही. छापखानेवालाही म्हणाला, पत्रकं चुकीची असतातच, ताई, माफीचं कोणी काढत नाही.

आता मी पंचवीस वर्षांची आहे आणि मला म्हाताऱ्या बाईसारखा कंटाळा येतो. नवं राज्य झालं, गावोगाव पेढे वाटले, मीही वाटले. घोषणा देताना माझा घसा अजून चांगला आहे. पण घोषणा संपली की मला ते पाखडणारं सूप ऐकू येतं. माय अजून अळणीच खाते आणि हल्ली दुपारी आडवी होते. बहीण तिच्या पायाशी बसून कापसातली काडी-कचरा निवडते. तिच्याइतका स्वच्छ कापूस कोणी निवडत नाही. माय झोपेत कुशीवर वळली की ती मान वर न करता विचारते, "पाणी पाहिजे का तुले?" माय हो म्हणाली की पाणी आणून देते. हे तिला कोणी शिकवलं नाही.

म्हणून हे छापते आहे. गुलाबी कागद नाही, माझ्या खर्चानं नाही, एका पुस्तकात जागा मिळाली म्हणून. माय वाचू शकत नाही. त्यासाठी मला तुमची गरज आहे, आणि मी ती मागते.

दोंडाईच्याच्या बाजारात, जिनिंगच्या ओट्यावर, आमच्या गावच्या विहिरीवर ज्यांनी ते पत्रक वाचून दाखवलं त्यांनी हे त्याच जागी, तेवढ्याच मोठ्यानं वाचून दाखवा. तुमच्या स्वतःच्या गावात असं मूल असेल तर त्याच्या आईला "तू काय केलंस" हे विचारू नका. आजवर विचारलं असेल तर आज जाऊन शब्द परत घ्या. आणि आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी या महिन्यात बाळंतपण आहे, त्यांनी पहिल्या अंघोळीला माझ्या मायला बोलवा. बाळ तिच्या पायावर द्या आणि तिथून हलू नका, तिनं पहिला तांब्या ओतेपर्यंत.